दहा लढती दूरच्या, तीन जवळच्या: कॉन्फरन्स बदललेल्या एका कॉलेज टेनिस संघाचं प्रकरण

2 ऑगस्ट 2024 रोजी यूएससी आणि यूसीएलए (दोन्ही लॉस एंजेलिसची), ओरेगन आणि वॉशिंग्टन ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची चार विद्यापीठं पॅक-12 सोडून बिग टेन कॉन्फरन्समध्ये दाखल झाली. चौघांकडेही पुरुषांचा टेनिस संघ आहे. खाली ज्याला नुसतं ‘संघ’ म्हटलंय तो या चौघांपैकी कुठलाही एक नाही. चौघांनाही कमीअधिक प्रमाणात लागू पडणाऱ्या अडचणी एकत्र करून, ओळख पुसून, एकाच संघाच्या रूपात मांडल्या आहेत. तारखा, अंतरं आणि नियम मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

## पार्श्वभूमी

कॉलेज खेळांमध्ये कॉन्फरन्स म्हणजे ठरावीक विद्यापीठांची साखळी. हंगामातल्या लढतींचा मोठा भाग याच साखळीत होतो. साखळीचं विजेतेपद मिळालं की एनसीएए या अमेरिकी कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या 64 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश असतो. बाकीच्या जागा मुख्यतः क्रमवारीवर भरल्या जातात, आणि पहिल्या 16 संघांना सुरुवातीच्या दोन फेऱ्या आपल्याच कोर्टवर खेळायला मिळतात. मोठ्या संघांचं सगळं नियोजन या 16 जागांभोवती फिरतं.

पॅक-12 मध्ये शेवटच्या हंगामात पुरुष टेनिस खेळणारे नऊ संघ होते: ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, कॅलिफोर्निया, ओरेगन, स्टॅनफर्ड, यूसीएलए, यूएससी, युटा आणि वॉशिंग्टन. यूएससीची 21, स्टॅनफर्डची 17 आणि यूसीएलएची 16 राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं एकाच साखळीत होती, यावरून तिची ताकद लक्षात येईल. प्रवासही सोपा होता. लॉस एंजेलिसचे दोन संघ एकाच शहरात, स्टॅनफर्ड आणि बर्कली (कॅलिफोर्नियाचा संघ) एकमेकांपासून गाडीने तासाभरावर, टूसॉन (ॲरिझोना) आणि टेम्पी (ॲरिझोना स्टेट) सुमारे 180 किलोमीटरवर. शुक्रवारी एकाशी खेळायचं, रविवारी त्याच्या शेजाऱ्याशी, आणि रात्री घरी. घड्याळात फार तर एका तासाचा फरक पडायचा.

ही साखळी टेनिसमुळे मोडली नाही. 30 जून 2022 रोजी यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जाण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांसाठी 700 कोटी डॉलरहून मोठा प्रक्षेपण करार केला. तो जवळजवळ सगळा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या जोरावर होता. पॅक-12 ला तसा करार मिळाला नाही. 4 ऑगस्ट 2023 रोजी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे गेले, त्याच दिवशी ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग 12 कडे, आणि 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया एसीसीकडे. नऊ टेनिस संघ तीन साखळ्यांत विखुरले गेले.

बिग टेनमध्ये तेव्हा पुरुष टेनिसचे दहा संघ होते: इलिनॉय, इंडियाना, मिशिगन, मिशिगन स्टेट, नेब्रास्का, नॉर्थवेस्टर्न, ओहायो स्टेट, पेन स्टेट, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन. आयोवा आणि मिनेसोटा यांनी आपले पुरुष टेनिस संघ बंद करण्याचा निर्णय 2020 मध्येच घेतला होता. आपल्या संघासाठी ही बाबही महत्त्वाची होती. ज्या साखळीत आपण चाललो आहोत तिथे पैशाची ओढाताण झाली की टेनिसवर कुऱ्हाड पडू शकते, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यामुळे प्रवासाचं बजेट वाढवून मागताना प्रशिक्षकांचा हात आखडलेला असायचा.

## अडचण नेमकी कुठे होती

चार नवे आणि दहा जुने मिळून चौदा संघ. प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर 13 लढती, त्यातल्या दहा देशाच्या दुसऱ्या भागातल्या संघांशी. यजमानपद वर्षाआड बदललं तर दरवर्षी पाच लढती तिकडे जाऊन खेळायच्या. पाच हा आकडा ऐकायला मोठा वाटत नाही, आणि सुरुवातीला क्रीडा विभागातही तो कोणाला मोठा वाटला नाही. हिशोब विमानाच्या तिकिटांचा झाला. दिवसांचा हिशोब कोणी केला नाही.

घड्याळ. दहापैकी सहा संघ पूर्वेकडच्या प्रमाणवेळेत आहेत, म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या तीन तास पुढे. इलिनॉय, नॉर्थवेस्टर्न, विस्कॉन्सिन आणि नेब्रास्का हे चार दोन तास पुढे. शुक्रवारी संध्याकाळी पाचची लढत असेल तर फारसा त्रास नाही, कारण खेळाडूच्या शरीराला ते दुपारचे दोन वाटतात. खरा फटका रविवारी बसतो. रविवारच्या लढती बहुधा दुपारी बाराला ठेवतात, म्हणजे पाहुण्या संघालाही परत जाता येतं. बाराची लढत म्हणजे सकाळी दहाला सराव, साडेआठला नाश्ता, सातला उठणं. पश्चिमेकडून आलेल्या मुलाच्या शरीरात तेव्हा पहाटेचे चार वाजलेले असतात. शरीर साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळवून घेतं. गुरुवारी पोचलेला संघ रविवारी सकाळी नुकता कुठे जुळत असतो, आणि सोमवारी त्याला पुन्हा उलटं फिरायचं असतं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे जातं. 2025 मध्ये तो दिवस 9 मार्च होता. तो शनिवार-रविवार दौऱ्यावर आला तर रविवारच्या लढतीआधी झोपेचा आणखी एक तास जातो. वेळापत्रक तपासताना ही तारीख हमखास नजरेतून सुटते.

छप्पर. फेब्रुवारी-मार्चमध्ये मिशिगन किंवा विस्कॉन्सिनला बाहेर खेळता येत नाही. तापमान साधारण 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं किंवा वारा फार असला की कॉलेजच्या लढती आत हलवतात. ओरेगन आणि वॉशिंग्टन यांच्याकडे पावसामुळे बंदिस्त कोर्टं आधीपासूनच आहेत. लॉस एंजेलिसच्या संघांना वर्षभर उन्हात खेळायची सवय. आपला संघ याबाबतीत लॉस एंजेलिससारखा धरू.

आत वारा नाही, ऊन नाही, आणि बरीच बंदिस्त कोर्टं वेगवान असतात. चेंडू खाली राहतो आणि घसरत येतो. उसळत्या टॉपस्पिनवर गुण मिळवणाऱ्या खेळाडूचा चेंडू समोरच्याच्या खांद्यावर न जाता कमरेवर बसतो. सर्व्हिस आणि त्यानंतरचा पहिला फटका यांचं वजन वाढतं. याचा सगळ्यात आधी परिणाम दुहेरीवर होतो. कॉलेजच्या लढतीत आधी तीन दुहेरी सामने होतात, प्रत्येकी एकाच सेटचे, आणि त्यातले दोन जिंकणाऱ्याला एक गुण. मग सहा एकेरी, प्रत्येकी एक गुण. चार गुण झाले की लढत जिंकली. ड्यूसला, म्हणजे 40-40 अशा बरोबरीला, दोन गुणांची आघाडी लागत नाही, पुढचा एकच गुण निर्णायक. एवढ्या छोट्या दुहेरीत एक सर्व्हिस तुटली, म्हणजे आपल्या सर्व्हिसचा गेम गेला, की बहुतेक वेळा सेट गेलाच. आत रोज खेळणारा संघ पहिल्या दहा मिनिटांत पुढे जातो, आणि पाहुणे चेंडूचा अंदाज घेईपर्यंत दुहेरीचा गुण गेलेला असतो.

कोर्टांची संख्याही बघावी लागते. सहा कोर्टं असतील तर सहाही एकेरी एकदम सुरू होतात आणि लढत साधारण तीन तासांत आटोपते. चारच असतील तर शेवटच्या दोन एकेरींना थांबावं लागतं आणि लढत चार-साडेचार तासांवर जाते. पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूला अंग गरम करून तासभर बसून राहावं लागतं. रविवारी याचा शेवट विमान चुकण्यात होतो.

वर्ग आणि व्हिसा. चौघांपैकी यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही तीन विद्यापीठं क्वार्टर पद्धतीची, म्हणजे सुमारे दहा आठवड्यांच्या सत्रांची. आपला संघही क्वार्टरवालाच धरू. बिग टेनमधली बहुतेक जुनी विद्यापीठं सेमिस्टरवाली. दहा आठवड्यांच्या सत्रात एक आठवडा बुडाला तर अभ्यासक्रमाचा दहावा हिस्सा गेला. हिवाळी सत्राची परीक्षा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येते, आणि साखळीच्या लढतींनाही तेव्हाच जोर चढतो.

एनसीएएची आठवड्याला 20 तासांची मर्यादा इथे कामी येत नाही. त्या मर्यादेत प्रवासाचा वेळ धरत नाहीत, आणि लढतीचा आख्खा दिवस फक्त तीन तास म्हणून मोजतात. कागदावर सगळं नियमात बसतं आणि मुलगा मात्र गुरुवार सकाळपासून रविवार रात्रीपर्यंत बाहेर असतो.

‘ऑनलाइन वर्ग घ्या’ हा सल्ला अशा वेळी सहज दिला जातो. पुरुष टेनिसमध्ये परदेशी खेळाडूंचं प्रमाण मोठं आहे आणि ते एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असतात. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून लागणाऱ्या क्रेडिटमध्ये एका सत्रात एकच ऑनलाइन विषय धरता येतो. दुसरा घेतला तर तो जादा ठरतो, आणि वर्गातले विषय कमी पडले तर व्हिसाच धोक्यात येतो. म्हणजे जो उपाय अमेरिकन खेळाडूला चालतो, तो शेजारच्या पलंगावर झोपलेल्या भारतीय किंवा स्पॅनिश सहकाऱ्याला चालत नाही.

## समोर असलेले पर्याय

पाच बाहेरच्या लढती कशा बांधायच्या यावर तीन रचना मांडल्या गेल्या. प्रवासी संघ आठ खेळाडू, दोन प्रशिक्षक आणि एक फिजिओ असा 11 जणांचा धरला.

पहिली रचना नेहमीची: शुक्रवार-रविवार अशा जोड्या. दोन जोड्या आणि एक सुटी (जोडीविना) लढत, म्हणजे तीन दौरे. जोडीच्या दौऱ्याला तीन रात्री, सुट्या लढतीला दोन, एकूण आठ रात्री. तिकिटं 33. बुडणारे वर्गाचे दिवस किमान पाच: दोन दौऱ्यांचे गुरुवार-शुक्रवार आणि तिसऱ्याचा एक शुक्रवार.

दुसरी रचना: एक लांब दौरा आणि एक जोडी. हिवाळी परीक्षा संपल्यावर वसंत सत्र सुरू होण्याआधी क्वार्टरवाल्या विद्यापीठांना आठवडाभर सुटी असते. 2025 मध्ये ही सुटी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होती. त्या नऊ दिवसांत दोन शनिवार-रविवार मिळून तीन लढती बसतात आणि एकही वर्ग बुडत नाही. रात्री आठ आणि जोडीच्या तीन, एकूण 11. तिकिटं 22. बुडणारे दिवस दोनच. मुलं दोन-दोन एका खोलीत धरली तर संघाला सात खोल्या लागतात, म्हणून तीन जादा रात्रींच्या 21 खोल्यांचं भाडं एकीकडे आणि वाचलेली 11 परतीची तिकिटं दुसरीकडे. खर्च जवळपास बरोबरीचा, वर्गांच्या दृष्टीने मोठा फायदा. शिवाय तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून शरीर तिकडच्या वेळेला जुळतं, म्हणजे दुसऱ्या आठवड्याच्या लढती ताज्या अंगाने खेळता येतात.

तिच्यातही खोट आहेच. परीक्षा संपल्यावर मुलांना मिळणारी एकमेव मोकळी सुटी जाते. नऊ दिवस हॉटेलचं जेवण, कपडे धुणं, एकमेकांची तोंडं. आठवड्याच्या मधल्या लढतीला सेमिस्टरवाला यजमान नाखूश असतो, कारण तेव्हा वर्ग त्याच्या खेळाडूंचे बुडतात. मागे राहिलेल्या खेळाडूंकडे कोण बघणार हाही प्रश्न उरतो.

तिसरी रचना म्हणजे चार-पाच संघांनी एकाच ठिकाणी जमून दोन-तीन दिवसांत लढती उरकायच्या. प्रवासाला ही सगळ्यात स्वस्त. पण त्यात कोणालाच घरचं कोर्ट मिळत नाही, आणि पश्चिमेच्या संघासाठी घरचं ऊन हीच मोठी जमेची बाजू. मार्चमध्ये महिनोन्महिने छपराखाली खेळलेला संघ कॅलिफोर्नियाच्या उन्हावाऱ्यात आला की त्याचीही पहिली दहा मिनिटं अशीच जातात. ती बाजू सोडायला संघ तयार नव्हता, आणि ते योग्यच होतं.

## कोणाशी जोडी लावायची

इथे नकाशा उघडून बसावं लागतं. पहिल्या वर्षी संघाने हे काम तिकीट काढणाऱ्यावर सोडलं होतं.

ॲन आर्बर आणि ईस्ट लॅन्सिंग, म्हणजे मिशिगन आणि मिशिगन स्टेट, ही सगळ्यात चांगली जोडी. रस्त्याने सुमारे 100 किलोमीटर, दोन्हीकडे एकच वेळ, आणि डेट्रॉइटचा मोठा विमानतळ ॲन आर्बरच्या जवळ. नॉर्थवेस्टर्न आणि विस्कॉन्सिन सुमारे 220 किलोमीटर, शिकागोहून थेट उड्डाणं भरपूर. इलिनॉय आणि पर्ड्यू सुमारे 145 किलोमीटर, पण इलिनॉय एका प्रमाणवेळेत आणि पर्ड्यू दुसऱ्या. शुक्रवारी इलिनॉयला खेळून शनिवारी पर्ड्यूला गेलं की घड्याळ आणखी एक तास पुढे सरकतं आणि रविवारची सकाळ जास्तच लवकर होते. म्हणून आधी पर्ड्यू, मग इलिनॉय असा उलटा क्रम घ्यावा. फरक एका तासाचा, पण तो नेमका रविवारी सकाळी मिळतो. पर्ड्यू आणि इंडियाना ही जोडीही चालते, सुमारे 180 किलोमीटर, दोन्ही एकाच वेळेत, इंडियानापोलिस दोघांच्या मध्ये.

ओहायो स्टेट आणि पेन स्टेट नकाशावर शेजारी वाटतात. रस्त्याने ते 500 किलोमीटरच्या वर आहेत. पेन स्टेटचं गाव डोंगरात, विमानतळ छोटा, हिवाळ्यात बर्फ. शनिवारचा आख्खा दिवस गाडीत जातो. नेब्रास्का एकटाच पश्चिमेला, ओमाहाहून गाडीने तासभर, तो सुटी लढत म्हणून घेणंच बरं.

गाडीचा मुद्दा क्षुल्लक समजू नये. पुरुष टेनिसला खास विमान मिळत नाही आणि बसही सहसा नाही, भाड्याच्या दोन-तीन गाड्या प्रशिक्षकच चालवतात. लॉस एंजेलिसला आयुष्य गेलेला माणूस रात्री बर्फाळ महामार्गावर आठ मुलं घेऊन गाडी चालवतो, हे चूक आहे. स्थानिक चालकासह मिनीबस घ्यावी आणि तो खर्च बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहावा.

## प्रत्यक्षात काय केलं

पहिल्या वर्षी पहिलीच रचना निवडली गेली, आणि ती खरं तर निवडलीही नव्हती. साखळीच्या कार्यालयाने वेळापत्रकाचा कच्चा आराखडा पाठवला तेव्हा संघाकडून उत्तर गेलं ते फक्त कोर्टं मोकळी असल्याच्या तारखांचं. परीक्षेचा आठवडा आणि सुटीचा आठवडा कोणी कळवलाच नाही. पुढे प्रशिक्षकांच्या लक्षात आलं तोवर बाकीच्या तेरा संघांच्या तारखा त्यात अडकल्या होत्या. एक लढत हलवायची तर आणखी तीन हलतात.

उरलेल्या जागेत जे करता आलं ते असं:

गुरुवारी सकाळी आठचं थेट उड्डाण घ्यायचं, म्हणजे साडेतीनच्या सुमारास पोचून संध्याकाळी सहाला यजमानाच्या कोर्टवर 90 मिनिटं सराव मिळतो. हा सराव सोडायचा नाही. पहिल्या दौऱ्यात तो यजमानाने रात्री साडेआठला दिला, कारण वेळ आधी मागून ठेवलेली नव्हती, आणि झोप लांबली. पुढच्या दौऱ्यापासून सरावाची वेळ तिकीट काढण्याआधी लेखी घेतली.

घरी छप्पर नसल्यामुळे त्यातल्या त्यात वेगवान, घासून गुळगुळीत झालेली दोन कोर्टं दौऱ्याच्या आठवड्यात राखून ठेवली. रिटर्न घेताना बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) आत एक पाऊल, मागचा स्विंग आखूड, दुहेरीत पहिली सर्व्हिस शरीरावर. दिवसाला 40 मिनिटं फक्त सर्व्हिस आणि पुढचा फटका. रॅकेटच्या तारांचा ताण बदलण्याची मुलांना घाई होते. ती थांबवली. सहा रॅकेटपैकी फक्त एक एका किलोने जास्त ताणलेली ठेवायची आणि सरावात ठरवायचं. तार बसवण्याचं छोटं यंत्र सोबत नेलं. विमानाच्या 23 किलोच्या मर्यादेत बसणारं यंत्र आधी वजन करून निवडावं लागतं.

रविवारची लढत एक वाजता ठेवण्याची विनंती केली. चार कोर्टांच्या ठिकाणी ती उलटली. लढत साडेपाचला संपली, शेवटचं थेट उड्डाण गेलं, संघ सोमवारी परतला आणि सोमवारचे वर्गही बुडाले. तेव्हा नियम ठरला: सहा कोर्टं असतील तर एक वाजता, चार असतील तर बारा, आणि तिथे मुलांना गुरुवारपासूनच रात्री साडेदहाला झोपवायचं.

व्हिसाचा मुद्दा सगळ्यात उशिरा उघडकीला आला. शैक्षणिक सल्लागाराने सगळ्या प्रवासी खेळाडूंना दोन ऑनलाइन विषय सुचवले होते. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाने नोंदणी तपासताना ते पकडलं. विषय बदलायला मुदतीचे शेवटचे दिवस उरले होते, आणि मिळाले ते नेमके शुक्रवारी प्रयोगशाळा असलेले विषय.

## निष्पत्ती

लढतींचा कल अपेक्षेप्रमाणे निघाला. शुक्रवारी आत दुहेरीचा गुण वारंवार गेला, रविवारी खेळ सुधारला. घरच्या उन्हात पाहुण्यांचीही तीच गत झाली. क्रमवारीच्या दृष्टीने नवी साखळी तोट्याची ठरली नाही. क्रमवारीत वरच्या संघांवर मिळवलेला विजय जास्त मोलाचा असतो आणि इथे तसे प्रतिस्पर्धी भरपूर होते. पण तेरा साखळी लढतींनी मोकळ्या तारखा खाल्ल्या. स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया, ॲरिझोना यांच्याशी पिढ्यान् पिढ्या चाललेल्या लढती आता साखळीबाहेरच्या झाल्या, आणि त्यांच्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीत जागा शोधावी लागली. यातली निदान एक तरी दरवर्षी ठेवायचीच, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. गाडीने जाता येतं, उन्हात खेळता येतं, आणि प्रेक्षक येतात.

अभ्यासाचं नुकसान विषयवार बघितल्यावर दिसलं. व्याख्यानांचे विषय सावरले, शुक्रवारच्या प्रयोगशाळा सावरल्या नाहीत.

## काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. आधी विद्यापीठाचं कॅलेंडर, मग कोर्टांची संख्या आणि छप्पर, मग नकाशा, शेवटी तिकीट. संघाने तिकिटापासून सुरुवात केली. उन्हाळ्यात साखळीच्या कार्यालयाला एक पान पाठवायला हवं होतं: परीक्षेचा आठवडा, सुटीचा आठवडा, घड्याळ बदलण्याचा रविवार, आणि हव्या त्या तीन जोड्या. एकट्या संघाचं पान फार वजनदार नसतं. क्वार्टरवाली तीन विद्यापीठं, आणि नॉर्थवेस्टर्नही क्वार्टरवालंच, अशा चौघांनी मिळून मागितलं असतं तर सुटीच्या आठवड्याचा दौरा पहिल्याच वर्षी मिळण्यासारखा होता.

दुसरं, परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातला माणूस वेळापत्रकाच्या पहिल्या बैठकीला हवा होता, शेवटच्या नव्हे.

छोट्या साखळ्यांत प्रश्न याहून बिकट असतो. राष्ट्रीय स्पर्धेतला थेट प्रवेश टिकवायला त्या खेळात किमान सहा सदस्य लागतात. एक-दोन विद्यापीठं निघून गेली की तिथल्या टेनिसची ती वाटच बंद होते.

पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, त्याआधी सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून 2007 आणि 2008 ची राष्ट्रीय एकेरी विजेतेपदं जिंकली. त्या वाटेने मुलाला पाठवू पाहणाऱ्या पालकांनी प्रशिक्षकांशी बोलताना शिष्यवृत्तीच्या आकड्यासोबत चार गोष्टी विचाराव्यात. वसंत सत्रात किती गुरुवार-शुक्रवार बाहेर जातात? सराव छपराखाली किती होतो? प्रवासाला किती जण नेतात? प्रयोगशाळांचे विषय घेणाऱ्या मुलांचं काय करता? चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘ऑनलाइन’ असं आलं तर व्हिसाचा नियम त्यांच्यापुढे ठेवावा.

## अजून न सुटलेलं

6 जून 2025 रोजी एनसीएएविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने पुरुष टेनिसची 4.5 शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली, आणि त्या व्यवस्थेत आलेल्या विद्यापीठांसाठी संघ जास्तीत जास्त 10 खेळाडूंचा झाला. त्याच तडजोडीने विद्यापीठांना पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा दिली, आणि तो पैसा मुख्यतः फुटबॉल-बास्केटबॉलकडे जाणार हे उघड आहे. प्रवासाचं बजेट वाढण्याची आशा त्यामुळे कमीच.

दुसऱ्या वर्षासाठी संघाने सुटीच्या आठवड्याचा लांब दौरा मागितला आहे. 10 पैकी आठ जण गेले तर नऊ दिवस दोघे मागे राहतात, प्रशिक्षकाविना. नवव्या आणि दहाव्या खेळाडूलाही नेलं तर एक खोली आणि दोन तिकिटं वाढतात. दौऱ्यात कोणी आजारी पडलं तर सहा एकेरी पुरे करायला तेवढीच माणसं कामी येतात. बजेटच्या कागदावर ही ओळ अजून पेन्सिलीने लिहिलेली आहे.